अक्षांश-रेखांशाचं मूळ गाव

(इंदुरात मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘भूशास्त्रीय सर्वेक्षणाची संगणक-व्यवस्था’. सर्व्हर, डिस्क, बॅकअप, सगळं येणार आहे, काळजी नसावी. त्याआधी एक सांगा. इंदुरात दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला काय विचारतात? ‘मूळचे कुठले?’ समोरचा पाच पिढ्या रामबागेत राहतोय, तरी उत्तर येतं, ‘आम्ही मूळ वाईचे.’ राहता पत्ता एक, मूळ गाव दुसरं, आणि दोन्ही कळल्याशिवाय माणसाचा पुरता उलगडा होत नाही. सोयरीक जुळवताना आपण हे विसरत नाही. अक्षांश-रेखांशाला मात्र त्याचं गाव कोणी विचारत नाही, आणि सर्वेक्षणाच्या संगणकावरचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

२२.७२ उत्तर, ७५.८६ पूर्व. इंदूर ना? हो, पण कुठल्या पृथ्वीवरचं? खरी पृथ्वी ओबडधोबड आहे. हिशेबाला एक गुळगुळीत, ध्रुवांकडे दबलेला गोल मानून घ्यावा लागतो. आपल्या जुन्या टोपोशीट, म्हणजे छापील स्थलदर्शक नकाशे, एव्हरेस्ट १८३० नावाच्या गोलावर आहेत, मोबाइलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्ही गोलांच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच सुमारे ८६१ मीटरचा फरक आहे, शिवाय दोघांचे मध्यही एका जागी नाहीत. एव्हरेस्टचा गोल भारतापुरता नीट बसावा म्हणून एका ठिकाणी टेकवला होता. ते ठिकाण लंडनला नाही की डेहराडूनलाही नाही. ते आपल्याच मध्यप्रदेशात, विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळ आहे. त्याचं नाव कल्याणपूर. आपल्या सगळ्या जुन्या नकाशांचं मूळ गाव ते. कोणता गोल आणि तो कुठे टेकवला, या जोडीला डेटम म्हणतात. सराफ्यात रात्री दोन वाजता गराडू कुठे मिळतो हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. कल्याणपूर किती जणांना ठाऊक होतं? हात नका वर करू, राहू द्या.

आता जुन्या शीटवरचे आकडे जसेच्या तसे जीपीएसच्या गोलावर ठेवले, तर इंदूरपाशी बिंदू उत्तर-दक्षिण सुमारे ६५ आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५ मीटर चुकतो. एकूण सव्वाशे मीटरच्या आसपास. १:५०,००० च्या कागदावर हे अडीच मिलिमीटर झाले, म्हणून कोणाच्या डोळ्यांत येत नाही. पण माळव्याचा खडक कसा आहे? बेसाल्टचे थर, जवळजवळ आडवे, एकावर एक. महूच्या खाली घाटाच्या उतारावर, समजा २० अंशांच्या, सव्वाशे मीटर बाजूला सरकलात की उंचीत ४५ मीटरचा फरक पडतो. म्हणजे एखादा थर सहज ओलांडला जातो.

ही चूक पकडायची सोपी खूण सांगतो. दोन थरांमधली सीमारेषा उंचीच्या मॉडेलवर टाका. आडव्या थराची सीमा समोच्च रेषेच्या बरोबरीनं चालली पाहिजे. ती डोंगराच्या एका बाजूला वर चढत असेल आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच उतरत असेल, तर भूशास्त्रज्ञाला बोल लावू नका. सगळ्या टेकड्यांवर ती एकाच दिशेला सरकलेली दिसली, की समजा डेटम चुकलाय.

उपाय सोपा वाटतो, सॉफ्टवेअरच्या यादीतून ‘कल्याणपूर’ निवडा. यादी उघडली की चार कल्याणपूर निघतात: १८८०, १९३७, १९६२, १९७५. कारण मोठं गमतीचं आहे. मूळ मोजमाप फुटांत होतं, आणि एका फुटाचे मीटर किती यावर वेगवेगळ्या काळी वेगवेगळा आकडा धरला गेला. म्हणून १९३७ च्या एव्हरेस्टची त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, १९६२ ची ६३,७७,३०१ आणि १९७५ ची ६३,७७,२९९. पृथ्वी तीच, गज बदलला. कापडबाजारात बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

मग निवडायचं कोणतं? नावावरून ठरवू नका. शीटवर दिसणाऱ्या आणि आजही जागेवर असलेल्या पाच-सहा गोष्टी घ्या, जुना पूल, देवळाचं शिखर, रेल्वेचं फाटक. चार कोपऱ्यांतल्या चार आणि मधल्या एक-दोन. त्यांचं जीपीएस घ्या, प्रत्येक पर्याय लावून पाहा, फरक लिहून ठेवा. कोणता पर्याय का घेतला, हे संगणकावरच्या त्या नकाशा-थराच्या नोंदीत गेलंच पाहिजे. आणि सॉफ्टवेअरनं ‘बॉलपार्क’ रूपांतर केल्याची सूचना दिली तर ती बंद करून पुढे जाऊ नका. त्याचा अर्थ, डेटमचा फरक हिशेबात धरलाच नाही, गोल तेवढा बदलला. अंदाजपंचे दाहोदरसे. (दाहोद आपल्या शेजारी आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही.)

यूटीएमचंही तेच. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगतात. ७८ पूर्व रेखांशावर पट्टा बदलतो. इंदूर ४३ मध्ये, ग्वाल्हेर ७८ च्या किंचित पलीकडे म्हणून ४४ मध्ये. प्रत्येक पट्ट्यात आकडे पुन्हा त्याच ५,००,००० भोवती सुरू होतात. ग्वाल्हेरची फाइल ४३ समजून उघडलीत तर किल्ला सहा अंश पश्चिमेला, जोधपूरच्याही पलीकडे वाळवंटात जाऊन उभा राहतो. होळकरांच्या गावात हे ऐकून काही चेहरे खुललेले दिसतात. थांबा, तुमच्याही शहराचं काही खरं नाही. २२ अंश ४५ मिनिटांवर शीट बदलते आणि ती रेघ विजयनगरच्या आसपासून जाते. राजवाडा ४६ एन/१४ वर, उत्तरेकडचं शहर ४६ एन/१३ वर. दोन शीटचं काम दोन माणसांनी वेगवेगळ्या वर्षी केलं, की पट्टीनं आखल्यासारखा रेघेवर खडक बदलतो. निसर्ग पट्टी वापरत नाही. अशा वेळी रेषा गुपचूप ओढून जुळवायच्या नसतात. मूळ नकाशा-थर तसाच ठेवायचा आणि जुळवलेला वेगळा करायचा. कोणी, कशाच्या आधारे जुळवलं ते शेजारी लिहायचं.

आणि हे मूळ गाव हरवतं कुठे? शेपफाइलमध्ये, म्हणजे संगणकी नकाशा साठवायच्या जुन्या, रुळलेल्या प्रकारात. ती नावाला एक फाइल, प्रत्यक्षात कुटुंब आहे. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ या तिघांवाचून ती उघडत नाही. डेटम असतो चौथ्या पीआरजे फाइलमध्ये. ती नसली तरी नकाशा उघडतो, म्हणून मेल पाठवताना तीच राहते. शिवाय तिच्या तक्त्यातल्या रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० बाइट. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात ३ बाइट घेतं, म्हणजे तीन चिन्हं. ‘खडक’ बसतो, ‘बेसाल्ट’ बसत नाही. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरा. फाइल एकच आणि डेटम तिच्या पोटात. फक्त नेटवर्कच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी एकदम लिहू नका, फाइल बिघडते. अनेकांना लिहायचं असेल तर पोस्टजीआयएस, म्हणजे नकाशे सांभाळणारा सर्व्हरवरचा डेटाबेस.

कागदाचं थोडक्यात. शीट पावसाळ्यात फुगते, तीही दोन्ही दिशांना सारखी नाही. २ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर १०० मीटर. एसी खोलीत दोन दिवस सपाट ठेवून मग स्कॅन करा. ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके धरले तर, एक पिक्सेल सुमारे ३ मीटरचा होतो. शीटवर पाच-पाच मिनिटांच्या रेषांचे १६ छेद असतात, स्कॅन जागेवर बसवायला ते सगळे घ्या आणि आधी साधं, पहिल्या घाताचं रूपांतर लावा, जे सगळी शीट एकसारखी सरकवतं, फिरवतं, ताणतं. थिन प्लेट स्प्लाइन लावलं की चूक शून्य दिसते आणि लोक खूश होतात. ती नेहमीच शून्य दिसते. एखादा बिंदू साफ चुकीचा घेतलात तरी ते रबरासारखं ताणून तिथे नेऊन बसवतं.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय. दहा मिनिटं? सात. बरं, मग सर्व्हर.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ चं. सर्व्हर पाच-सात वर्षांत भंगारात जातो. तेव्हा यंत्र धर्मशाळा समजा आणि वस्तीला येणाऱ्याची नोंद नीट ठेवा. एक स्कॅन न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, साधारण ३६० एमबीचा होतो. दाबायचा तर काहीही न गमावणारी एलझेडडब्ल्यू पद्धत, मूळ प्रत जेपीईजीत कधीही नाही, बारीक रेघांच्या कडा विरतात. ४ जीबीच्या वर बिगटिफ, म्हणजे मोठ्या चित्रांसाठीचा टिफ.

रेड म्हणजे अनेक डिस्कची एकत्र बांधलेली जोडणी, रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी माहिती टिकते. पण त्यात १६ टीबीची एक डिस्क गेली तर सेकंदाला २०० एमबीच्या वेगानंही ती पुन्हा भरायला २२ तास लागतात, आणि तेही कोणी काम करत नसेल तर. उरलेल्या डिस्क त्याच वयाच्या, त्याच खोक्यातल्या असतात. त्या २२ तासांत दुसरी गेली की सगळं गेलं. म्हणून मोठ्या डिस्कना दोन गेल्या तरी टिकणारं रेड-६. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करून ठेवणं हाही बॅकअप नाही, पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसच्याच आज्ञेनं निघणारी सुसंगत प्रत, काढा आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर तो खरोखर उघडून पाहा.

क्षेत्रातून टॅबलेटवर नोंदी येतात. त्यांना १, २, ३ असे क्रमांक देऊ नका, दोन पथकांचा ‘१७’ एकमेकांवर बसतो. यूयूआयडी द्या, म्हणजे कुठेही पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक. खडकांचा रास्टर, म्हणजे चौकटी-चौकटींत आकडे भरलेला नकाशा, नव्या पट्ट्यात नेताना ‘निअरेस्ट’, म्हणजे जवळच्या चौकटीचा आकडा तसाच उचलणारी, पद्धतच घ्या. १ बेसाल्ट, २ चुनखडी, ३ वालुकाश्म असेल आणि सरासरी काढणारी पद्धत लावलीत, तर बेसाल्ट आणि वालुकाश्माच्या सीमेवर फुकटची चुनखडी उगवते. सिमेंटवाले धावत येतील.

शेवटचं, टेप. एलटीओ या बॅकअपच्या टेपच्या पिढ्या असतात, आणि एलटीओ-६ ची टेप एलटीओ-८ च्या ड्राइव्हला वाचता येत नाही. ड्राइव्ह बदलायच्या आधी टेप उतरवून घ्यायच्या, नंतर नाही. डब्यावर तारीख, पिढी, कोणत्या सॉफ्टवेअरनं लिहिली ते आणि एका ओळीत आतल्या नकाशांचा डेटम, इतकं पेन्सिलीनं नाही, शाईनं. प्रश्न चहाबरोबर घेऊ. पोहे गार होताहेत असं मागून सांगताहेत.