तालिकेतली नोंद आणि कॅनडातला सलोखा

मंडळी, मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या, कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या; त्यातली ६९ वी थेट राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारासाठी आहे. तरी सलोखा म्हटलं की आपल्यासमोर माफीनामे आणि कोनशिला येतात. ग्रंथपालाच्या वाट्याला येते तालिकेतली (कॅटलॉगमधली) नोंद, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे.

लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या वर्गीकरणात फर्स्ट नेशन्सविषयीची, म्हणजे कॅनडातल्या मूलनिवासी राष्ट्रांविषयीची, बरीचशी पुस्तकं अमेरिकेच्या इतिहासात, ‘ई ९९’ खाली, वर्णानुक्रमाने लागतात. शेजारची, सोयरीक असलेली राष्ट्रं फळीच्या दोन टोकांना जातात. मोहॉक या मूलनिवासी राष्ट्रातले ग्रंथपाल ब्रायन डीअर यांनी १९७० च्या दशकात राष्ट्रं भूगोलाप्रमाणे जवळजवळ बसवणारी मांडणी केली. जीन जोसेफ यांनी एका सहकाऱ्यासोबत तिला ब्रिटिश कोलंबियाला साजेसं रूप दिलं. पुढे व्हँकुव्हरच्या विद्यापीठातल्या ह्वेह्वा ग्रंथालयाच्या त्या संस्थापक ग्रंथपाल झाल्या.

वर्गांक बदलणं त्या मानाने सोपं. गाडी अडते नोंदीत. जुन्या ध्वनिफितींवर कर्ता म्हणून मानववंशशास्त्रज्ञाचं नाव असतं. गोष्ट सांगणारी आजी टीपेत, कधी तिथेही नाही. १९९७ च्या डेलगमूक्व या मूलनिवासी जमीनहक्काच्या खटल्याच्या निकालात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहास पुरावा म्हणून विचारात घ्यायला लावला. म्हणजे कोणी सांगितलं, कुणाकडून ऐकलं, कोणत्या घराण्याची कथा, हे नोंदीत नसेल तर फितीचं पुराव्यातलं वजन घटतं. मार्क या संगणकीय नोंदीच्या साच्यात १०० क्रमांकाच्या, म्हणजे मुख्य कर्त्याच्या, क्षेत्रात सांगणारी व्यक्ती घाला, संकलक ७०० मध्ये, म्हणजे इतर सहभागींच्या क्षेत्रात. समाजाने मान्य केलेली विषयशीर्षकं ६५० मध्ये, दुसरा निर्देशक ७ (म्हणजे शीर्षकाचा स्रोत वेगळा सांगितलाय), आणि उपक्षेत्र २ मध्ये स्रोताचा संकेत.

आता बिघडतं कुठे? पुरवठादाराच्या नोंदी घाऊक आयात झाल्या की तुमच्या दुरुस्त्या गुपचूप पुसल्या जातात. ही क्षेत्रं आयातीच्या नियमांत आधीच संरक्षित करा आणि आयातीनंतर काही नोंदी स्वतः उघडून पाहा. ह्वेह्वा हे नाव स्क्वॉमिश या मूलनिवासी भाषेच्या लेखनात ७ हा आकडा आणि अधोरेखित एक्स वापरून लिहितात. शोधयंत्र अडखळलं तर मूळ नाव बदलू नका. साधं रूप प्राधिकार नोंदीत, म्हणजे नावाची प्रमाण आणि पर्यायी रूपं ठेवणाऱ्या नोंदीत, पर्याय म्हणून जोडा.

फितींबाबत एक सावधगिरी. पॉलिस्टरची फीत चिकट झाली असेल तर साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसवर आठेक तास तापवतात, पण प्रयोगशाळेच्या उबवणी यंत्रात. घरच्या ओव्हनचं तापमान हेलकावे खातं. व्हिनेगरचा वास येत असेल तर ती ॲसिटेटची. तिला अजिबात तापवू नका. डिजिटल प्रत वेव्ह स्वरूपात, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ.

मग प्रत थेट इंटरनेटवर? थांबा. फर्स्ट नेशन्सची ओसीएपी तत्त्वं मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा हे चारही हक्क समाजाकडे ठेवतात. देणगीदाराची सही म्हणजे समाजाची संमती नव्हे. काही कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात, काही ठरावीक घराण्यापुरत्या. हे निर्बंध कागदावर नव्हे, प्रणालीच्या प्रवेश-नियमांत घाला, आणि चांगल्या प्रतीचा एक संच त्या राष्ट्राच्या स्वतःच्या अभिलेखागारात आधी पोचवा.