पाच पेपर कपाटात ठेवा

नमस्कार श्रोतेहो! अमेरिकेत आर्किटेक्टचा परवाना काढायचा, तर एआरई या परवाना परीक्षेचे सहा पेपर पास व्हावे लागतात. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी घर, आणि रात्री पुस्तक उघडलं की सहाही पेपर एकदम अंगावर येतात. मग माणूस आणखी एक पुस्तक मागवतो, आणखी एक व्हिडिओमाला घेतो, आणि ढीग वाढतो. त्यापेक्षा एका पेपरची तारीख घ्या आणि बाकीच्या पाचांचं साहित्य सरळ कपाटात टाका.

घाईचं एक मोठं कारण आता उरलेलंही नाही. पास झालेला पेपर पाच वर्षांनी बाद होण्याचा नियम १ मे २०२३ पासून गेला. आता तो परीक्षेच्या त्या आवृत्तीत आणि तिच्या पुढच्या आवृत्तीतही ग्राह्य धरला जातो.

प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन हे तीन पेपर लागोपाठ द्यावेत, असं आमचं मत. तिन्हींत एआयएची, म्हणजे अमेरिकन आर्किटेक्टांच्या संघटनेची करारपत्रं पुन्हा पुन्हा भेटतात, विशेषतः बी१०१ (मालक आणि आर्किटेक्टमधला करार) आणि ए२०१ (बांधकाम कराराच्या सर्वसाधारण अटी). ए२०१ मधले कलमांचे आकडे पाठ करत बसू नका. प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी शोधा : सही कोणाची आणि मुदत किती.

बांधकाम चालू असताना होणाऱ्या बदलांचंच घ्या. रक्कम आणि मुदत दोन्हींवर एकमत असेल, तर चेंज ऑर्डर. त्यावर मालक, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट अशा तिघांच्या सह्या. एकमत नाही पण काम थांबवता येत नाही, तर कन्स्ट्रक्शन चेंज डायरेक्टिव्ह. तिथे मालक आणि आर्किटेक्टच्या सह्या पुरतात. रक्कम आणि मुदतीला धक्का न लावणारा किरकोळ बदल आर्किटेक्ट एकटा सांगू शकतो. पेपरात यातलं नाव न घेता साइटवरचा प्रसंग देतात आणि पुढे काय करायचं ते विचारतात. नुसत्या व्याख्या घोकलेला उमेदवार तिथेच अडतो.

ही परीक्षा घेणाऱ्या एनकार्ब या संस्थेच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्यात प्रत्येक पेपरची सराव परीक्षा मोफत मिळते. बरेच जण ती शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवतात. तेव्हा कच्चा विषय कळूनही उपयोग नसतो. पहिल्या वाचनानंतर लगेच द्या, घड्याळ लावून. चुकलेल्या उत्तरांपुढे कारण लिहा : माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, वाचन वाढवून फक्त पहिलं सुटतं.

वेळेचं गणित साधारण सगळीकडे सारखंच. ७५ प्रश्नांना तीन तास, १०० प्रश्नांना चार तास पाच मिनिटं. म्हणजे प्रश्नाला जेमतेम अडीच मिनिटं. केस स्टडीत, म्हणजे एका प्रकल्पाची कागदपत्रं देऊन त्यावर प्रश्न विचारतात त्या भागात, आधी प्रश्न वाचा, मग कागदपत्रं उघडा, नाहीतर नकाशे चाळण्यातच वेळ जातो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि हे नीट ऐका : मध्ये सुट्टी घेतलीत, की तोवर पाहिलेले सगळे प्रश्न बंद होतात. खुणा करून ठेवलेले प्रश्न उठण्याआधीच निपटा.

नापास झालात, तर तोच पेपर साठ दिवसांनी पुन्हा देता येतो. बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीनदा. निकालपत्रात कोणता विभाग कच्चा राहिला ते दिलेलं असतं. पहिले दोन आठवडे तेवढाच विभाग घ्या, बाकीचं नंतर चाळा.