‘वैवाहिक जीवन कसं आहे?’

(मानसोपचार करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘लैंगिकतेबद्दल बोलण्याच्या चार पायऱ्या’. पायऱ्यांकडे येऊच. त्याआधी एका प्रश्नाबद्दलची जुनी तक्रार मांडू द्या.

‘वैवाहिक जीवन कसं आहे?’

हिस्टरी घेताना आपण झोप विचारतो, भूक विचारतो, पोट साफ होतं का हेही खुशाल विचारतो. मग आवाज खाली येतो, नजर कागदात जाते आणि हा प्रश्न येतो. समोरून उत्तर येतं, ‘चांगलं आहे.’ आपण ‘समाधानकारक’ असं लिहून सुटतो. आता चांगलं म्हणजे नेमकं काय? सासूशी पटतंय? घराचा हप्ता वेळेवर जातोय? बरं, जो अविवाहित आहे, जिचा नवरा वारलाय, ज्या पुरुषाचा जोडीदार पुरुषच आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी हा प्रश्नच नाही. (हसताय म्हणजे तुमच्याही फॉर्मवर आहे तो.)

याची किंमत पेशंट मोजतो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांनी अनेकांची लैंगिक इच्छा मंदावते, कळसाला फार उशीर लागतो किंवा तो येतच नाही. हे लाजेपोटी सांगितलं जात नाही आणि गोळी परस्पर बंद होते. मग चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं. आपण म्हणतो आजार उलटला. फाइलमध्ये मात्र ‘समाधानकारक’!

त्यापेक्षा सरळ म्हणा, ‘झोप-भुकेसारखंच लैंगिक इच्छेबद्दलही मी सगळ्यांनाच विचारते. या गोळ्यांनी बऱ्याच जणांना फरक जाणवतो. तुम्हाला काही जाणवलं? आज नको असेल तर नंतर बोलू.’ ‘सगळ्यांनाच’ हा शब्द गाळू नका, नाहीतर समोरच्याला वाटतं आपल्यातच काहीतरी दिसलं. विचारून झालं की गप्प बसा. दहा सेकंद मोजा. घाईनं विषय बदलणारे बहुतेकदा आपणच असतो.

आणि हे आरशासमोर जमत नाही, माणसासमोर घोकावं लागतं. शिश्न, योनी, हस्तमैथुन, वीर्य हे शब्द सहकाऱ्यासमोर मोठ्यानं म्हणा. जिथे अडखळाल, नेमका तिथेच पेशंटही अडकणार. काही जण अवघड जागी इंग्रजीत शिरतात. आपली सोय होते, समोरच्याला कळलं का ते राहून जातं.

पाच मिनिटं उरली अशी चिठ्ठी आलीय. म्हणजे पायऱ्या पळत चढू.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं हे प्लिसिट मॉडेल, चार पायऱ्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव. पहिली पायरी परवानगी, म्हणजे इथे हे बोललं तर चालतं. इच्छेबद्दलचा आत्ताचा सरळ प्रश्न म्हणजे तीच. दुसरी, नेमकी आणि थोडकी माहिती. पुष्कळांचं काम या दोन पायऱ्यांवरच भागतं. तिसरी, ठरावीक सूचना. चौथी, सखोल उपचार. तिथे सेक्स थेरपीचं प्रशिक्षण घेतलेल्याकडे पाठवा.

तिसरीतलं नेहमीचं उदाहरण म्हणजे मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांचा सेन्सेट फोकस, म्हणजे जोडप्यानं घरी करायचा स्पर्शाचा व्यायाम. सुरुवातीला संभोग बंद, स्तन आणि जननेंद्रियांना हात नाही. आळीपाळीनं स्पर्श करायचा, लक्ष फक्त ऊब, दाब, पोत यांवर. बिघडतं कुठे? जोडपं त्याची परीक्षा करतं किंवा बंदी मोडून आनंदानं सांगायला येतं. शाबासकी देऊ नका. पुढच्या वेळी ‘जमेल ना?’ ही धास्ती परत येते. घरात मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर हा व्यायाम द्यायचाच नाही.

ताठरतेची तक्रार असेल तर सकाळी जाग येताना ताठरता येते का, हे विचारा. येत नसेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे आजार तिथे आधी दिसू शकतात. संभोगात दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी.

स्वतःचं कुतूहल राहिलं. पुढचा तपशील उपचाराला हवाय की आपल्याला, हे विचारण्याआधी तपासा. पेशंटबद्दल आकर्षण वाटलं तर सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टशी बोला, पेशंटशी नाही.

संपली वेळ. मध्यंतराला उठण्याआधी शेजारच्याकडे वळा आणि लैंगिक इच्छेबद्दलचा तो सरळ प्रश्न एकदा मोठ्यानं विचारा. कागद खाली ठेवून.