बॅटपासून हातभर अंतरावर

नमस्कार श्रोतेहो.

२४ ऑगस्ट १९७१. मंगळवार होता आणि गणेश चतुर्थी होती. लंडनच्या ओव्हल मैदानावर भारत-इंग्लंड कसोटीचा शेवटचा दिवस होता आणि तिथं बेला नावाची हत्तीण फिरत होती. आपल्या पाठीराख्यांनी तिला चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणलं होतं. आणि इकडे आमच्या घरी काकांनी पूजेच्या तबकातल्या सुपाऱ्या पाटावर मांडल्या होत्या. मी लहान होतो. फॉरवर्ड शॉर्ट लेग ही क्षेत्ररक्षकाची जागा म्हणजे नेमकं कुठं, हे मला कळत नव्हतं. काकांनी एक सुपारी उचलली आणि फलंदाजाच्या सुपारीला जवळजवळ चिकटवून ठेवली. म्हणाले, "हा आपला एकनाथ."

त्या वर्षाची गोष्ट निघाली की गावसकर आठवतात, चंद्रशेखर आठवतात. आठवायलाच हवेत. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, तोही त्यांचा पहिलाच दौरा. मग इंग्लंडच्या दौऱ्यात भागवत चंद्रशेखरांनी ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेतले, तेही पोलिओनं अशक्त झालेल्या हातानं. पण मला आज एकनाथ सोलकरांबद्दल बोलायचं आहे. दोन्ही मालिकांत बाका प्रसंग आला की हा माणूस तिथं हजर असायचा, आणि त्या मानानं त्यांचं नाव आपण फार कमी घेतो असं मला मनापासून वाटतं.

किंग्स्टनची पहिली कसोटी घ्या. भारत ५ बाद ७५. मडगावचे दिलीप सरदेसाई एका बाजूला उभे होते, त्यांना साथ द्यायला सोलकर आले. दोघांनी १३७ धावा जोडल्या. सरदेसाईंचं द्विशतक झालं, सोलकरांच्या ६१. पुढं वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. पहिला दिवस पावसात गेल्यामुळं सामना चार दिवसांचा धरला गेला होता आणि फॉलोऑनसाठी, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यासाठी, दीडशेची आघाडी पुरेशी होती. आपले कर्णधार अजित वाडेकर त्यांचे कर्णधार सोबर्सना सांगायला गेले की पुन्हा तुम्हीच खेळा. सामना अनिर्णित राहिला, पण आपण यांना वाकवू शकतो हे तिथंच कळलं असणार. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारतानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. तिथंही सरदेसाईंचं शतक होतं आणि सोलकरांच्या ५५ धावा.

मग इंग्लंड. लॉर्ड्स अनिर्णित, मँचेस्टर पावसानं धुतलं. ओव्हलवर इंग्लंड ३५५. आपले पाच गडी १२५ धावांत परतलेले. पुन्हा सोलकर उभे राहिले, या वेळी फारुख इंजिनिअर यांच्यासोबत. सोलकरांनी ४४ काढल्या. त्याआधी गोलंदाजीत तीन बळीही त्यांनीच घेतले होते. तरीही आपण ७१ धावांनी मागेच होतो.

आणि मग तो सोमवार. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर चंद्रशेखर इंग्लंडच्या एड्रिचला चेंडू टाकणार, तेवढ्यात सरदेसाई ओरडले, "मिल रीफ!" मिल रीफ हा त्या वर्षी डर्बी जिंकलेला घोडा. वेगवान चेंडू टाक, असा त्याचा अर्थ. एड्रिचची बॅट खाली यायच्या आत यष्ट्या उडाल्या. पुढच्याच चेंडूवर फ्लेचर बाद, झेल सोलकर. थोड्या वेळानं ॲलन नॉट आला. पहिल्या डावात त्यानंच ९० धावा काढून आपल्याला दमवलं होतं. वेंकटराघवनचा चेंडू त्याच्या बॅटीला लागून समोर अगदी खाली पडू लागला आणि सोलकरांनी पोटावर झेप घेत जमिनीलगत तो उचलला. त्या झेलाचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अंग सगळं जमिनीला टेकलेलं, फक्त हात पुढं.

डोक्यावर हेल्मेट नाही, हे विसरू नका. फलंदाजानं जोरात फटका मारला तर चेंडू चुकवायलाही वेळ नाही. फिरकी गोलंदाजाच्या चेंडूवर फलंदाज बॅट पुढं करून नुसता अडवतो. तिथं कुणी उभं नसेल तर तो चेंडू वाया. सोलकर उभे राहिले की तोच चेंडू बळी होऊ शकायचा. फलंदाजाला मग अडवण्याचीही भीती. २७ कसोटींत ५३ झेल, आणि यष्टिरक्षण एकदाही नाही! मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यावर त्यांचे वडील माळी होते. मैदानावरच्याच झोपडीत एकनाथ वाढले. जमिनीला इतकं खेटून झेप घेणारा मुलगा त्या मैदानानं वाढवला, याचा मला फार अभिमान वाटतो.

इंग्लंड १०१ सर्वबाद. त्याआधी ते सलग २६ कसोटी हरले नव्हते. आपल्याला हव्या होत्या १७३.

मंगळवारी सकाळीच वाडेकर धावबाद झाले. सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३. एकेक धाव मोजत डाव सरकत होता. आमच्याकडं संध्याकाळ झाली, आरतीची ताटं तयार, पण आजीनंच सांगितलं, "थांबा जरा, तेवढं होऊ द्या." अखेर आबिद अलींनी चौकार मारला. चार गडी राखून विजय, इंग्लंडमधला पहिला. वाडेकर तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते. इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून सांगितलं, तुम्ही जिंकलात.

आमच्या घरी आरती सुरू झाली. काकांनी पाटावरच्या सुपाऱ्या गोळा करून तबकात ठेवल्या. सोलकरांची तेवढी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.