राणी गेली, आता कोण?

(बेळगावातल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ८ सप्टेंबर २०२२ ची रात्र आठवून बघा. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या रात्री बेळगावात झोपतं कोण? आमच्या गल्लीच्या मंडपात आरती उरकली होती, पोरं ट्रॉलीला केळीचे खांब बांधत होती, आणि मी कोपऱ्यात खुर्ची टाकून उगाच सूचना देत बसलो होतो. अकरा वाजून गेले असतील. एका पोरानं मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणाला, "मास्तर, राणी गेली की ओ!"

"कुठली राणी?"

"इंग्लंडची ओ, एलिझाबेथ."

खांब बांधणाऱ्यानं दोरी न सोडताच विचारलं, "वय काय होतं?" मी म्हटलं, ९६. "मग सोनं झालं म्हणा की," असं म्हणून त्यानं गाठ मारली. एवढंच. ७० वर्षं राज्य केलेल्या बाईचं सुतक आमच्या गल्लीत एका गाठीपुरतं टिकलं. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली, कपिलेश्वर तलावावर नेहमीसारखी गर्दी झाली, ढोल नेहमीसारखेच वाजले.

मला त्या पोराचा राग आला नाही. उलट वाटलं, 'सोनं झालं' हा यानं बरोबर शब्द वापरला. आपल्या भाषेत मरणाच्या बातमीला किती वेगवेगळी नावं आहेत बघा. शोक वेगळा, दुखवटा वेगळा, हळहळ वेगळी. शोक आतून येतो. दुखवटा हुकमानं येतो, झेंडा अर्ध्यावर उतरतो, कार्यक्रम रद्द होतात. हळहळ म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातलं झाड पडलं की आपण दारात उभं राहून जे करतो ते. इंग्लंडच्या राणीसाठी आपल्याकडे झाली ती हळहळ. दुखवटा भारत सरकारनं एका दिवसाचा पाळला, ११ सप्टेंबरला. तो रविवार होता, आणि आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य प्रतिपदा, म्हणजे पितृपंधरवड्याचा पहिला दिवस. दिल्लीत कुणी पंचांग बघून तारीख काढली असेल असं मला वाटत नाही, पण योग जमला खरा. आणखी एक योग सांगतो. राणी गेली त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत राजपथाचं कर्तव्यपथ असं नव्यानं नामकरण होऊन त्याचं उद्घाटन झालं. तिकडे राणी गेली, इकडे रस्त्याच्या नावातून राजा गेला.

त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यात खरा शोकही झाला होता. ६ सप्टेंबरच्या रात्री बेंगळुरूत कर्नाटकचे मंत्री उमेश कत्ती हृदयविकारानं गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बेल्लद बागेवाडीला माणसांचा पूर लोटला. आठ वेळा आमदार झालेला माणूस. राजकारणात त्यांच्याशी पटो न पटो, हुक्केरीकडच्या माणसाच्या तोंडी त्या दिवशी एकच प्रश्न होता: आता कोण?

हा प्रश्न नीट ऐका, कारण आज मला बोलायचंय ते या दोन शब्दांबद्दल. राज्यकर्ता मेला की लोक रडतात तेव्हा ते मेलेल्यासाठी थोडं आणि 'आता कोण' यासाठी जास्त रडतात. आणि राज्य जितकं लांबलेलं, तितका हा प्रश्न मोठा. चाळीस-चाळीस वर्षं एकच माणूस गादीवर असला की दुसरा कसा असेल याची कल्पनाच गावाला उरत नाही.

साताऱ्याचे थोरले शाहू महाराज घ्या. १७०८ च्या जानेवारीत राज्याभिषेक, १७४९ च्या १५ डिसेंबरला निधन. जवळजवळ ४२ वर्षं. पोटी मुलगा नाही. महाराज आजारी पडल्यापासून साताऱ्यात जे चाललं त्याला दुखवटा म्हणणं कठीण आहे. राणी सकवारबाईंचं एक मत, महाराजांच्या चुलती ताराबाईंचं दुसरं, पेशव्यांचं तिसरं. सकवारबाई सती गेल्या. त्या मनानं गेल्या की त्यांना तिकडे ढकललं गेलं, यावर जाणकार अजून भांडतात. गादीवर रामराजे आले, ज्यांनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे केलं त्या ताराबाईंनीच नंतर त्यांना नाकारलं, आणि वर्षभरात कारभार साताऱ्याहून पुण्याला सरकला. साध्या रयतेला कळलं एवढंच, की आता अर्ज घेऊन जायचं गाव बदललं.

आता घराजवळ या. कित्तूर इथून तासाभराच्या वाटेवर. १८२४ च्या सप्टेंबरात तिथले देसाई शिवलिंगरुद्र सर्जा वारले. त्यांची कारकीर्द काही लांब नव्हती, सात-आठ वर्षांची. पण मरण येण्याआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, म्हणजे 'आता कोण'चं उत्तर कित्तूरच्या वाड्यानं तयार ठेवलं होतं. ते उत्तर धारवाडच्या कलेक्टरला, थॅकरेला, पटलं नाही. त्यानं दत्तक मानायचं नाकारलं आणि खजिन्याला कुलपं लावली. घरात मयत झालेली, आणि बाहेरचा माणूस येऊन सांगतो की तुमचा वारस तुमचा नाही. २३ ऑक्टोबरला किल्ल्याच्या दाराशी थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलला कैदेत गेल्या आणि तिथेच १८२९ मध्ये वारल्या. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यात, नंदगडला, फाशी दिली. आज तिथे समाधीजवळच्या वडाला लोक पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून. ज्या राज्याला वारस नाकारला, त्याच्या शिलेदाराकडे लोक वारस मागतात.

हे डोक्यात ठेवून २०२२ च्या लंडनकडे बघा. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये राणीची शवपेटी १४ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून १९ च्या सकाळपर्यंत ठेवली होती. सुमारे अडीच लाख माणसं दर्शनाला आली. रांग थेम्सच्या काठानं कित्येक किलोमीटर गेली, थांबण्याचा वेळ एकदा २४ तासांवर पोचला. मनगटाला रंगीत पट्ट्या, आणि रांगेचं शेपूट कुठं आहे ते घरबसल्या मोबाइलवर. आपल्याला याचं नवल कशाला? आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेली माणसं या सभागृहात निम्मी तरी असतील. फरक इतकाच, की तिथे पायावर डोकं टेकायला मिळत नाही. मान लववायची आणि पुढे व्हायचं.

पण मला त्या रांगेत दिसली ती निर्धास्त माणसं. 'आता कोण' हा प्रश्न तिथे उठलाच नाही. राणीनं डोळे मिटले त्याच क्षणी चार्ल्स राजा झाला. पुढे काय करायचं याचं टिपण 'लंडन ब्रिज' या सांकेतिक नावानं कित्येक वर्षं तयार होतं. कुलपं लावायला कुणी थॅकरे येणार नव्हता. म्हणून लोकांना चोवीस तास रांगेत उभं राहून नुसतं दुःख करता आलं. दुःखाला अशी मोकळी जागा मिळणं ही चैन आहे, आणि ती फार थोड्या राज्यांच्या रयतेला मिळालीये.

तिथेही सगळेच रांगेत नव्हते. ऑक्सफर्डमध्ये नव्या राजाची द्वाही फिरत असताना एक जण ओरडला, "याला निवडलं कुणी?" त्याला पोलिसांनी धरलं, मग सोडलं. लोकांनी त्याला चक्रम ठरवलं. मला तो त्या गर्दीतला सगळ्यात जुन्या परंपरेचा माणूस वाटला. 'आता कोण' असं मोठ्यानं विचारणारा तो एकटा. आणि ज्यांचा हिशेब बाकी होता, त्यांनी तो काढलाच. केनियात माउ माउ उठावाच्या आठवणी वर आल्या, कारण बाप गेल्याची बातमी एलिझाबेथला १९५२ मध्ये कळली ती केनियातच, आणि उठाव चिरडला गेला तो तिच्याच नावानं. आपल्याकडे मोबाइलवर कोहिनूर फिरत राहिला. तो १८४९ मध्ये पंजाबच्या गादीवरच्या दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तहात घेतला होता. बघा, पुन्हा लहान वारस.

उलट टोक बघायचं तर जपान. १९८८ च्या सप्टेंबरात सम्राट हिरोहितो आजारी पडले आणि देशभर जत्रा-उत्सव आपणहून रद्द होऊ लागले. एका मोटारीच्या जाहिरातीत गायक खिडकीतून विचारायचा, "काय मंडळी, बरे आहात ना?" त्याचा आवाज काढून टाकला, नुसते ओठ हलायचे. सम्राट गेले ते ७ जानेवारी १९८९ ला. थायलंडचा राजा भूमिबोल ७० वर्षं राज्य करून २०१६ मध्ये गेला, तेव्हा तिथे काळ्या कापडाचा तुटवडा पडला आणि लोक अंगातले कपडे काळ्या रंगात बुडवू लागले. काळं न घालणाऱ्याकडे शेजारी संशयानं बघायचे. काळ्या कापडाचं वजन काय असतं हे १ नोव्हेंबरला दंडाला फीत बांधून फेरीत चाललेल्या बेळगावकराला मी नव्यानं सांगायला नको. बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं त्याचा निषेध म्हणून १९५६ पासून आपण ती बांधतोय. कुणी हुकूम केला म्हणून नाही, हुकूम मोडून.

असो. एलिझाबेथ आपली राणी कधीच नव्हती. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो आणि ती गादीवर आली १९५२ ला. आपली होती ती तिची खापरपणजी, व्हिक्टोरिया. ६३ वर्षं राज्य करून ती २२ जानेवारी १९०१ ला गेली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. इलाख्यात प्लेग अजून चालूच होता, आणि दुष्काळानं इलाखा नुकताच होरपळला होता. तिच्या राज्याच्या साठीचा सोहळा १८९७ मध्ये झाला त्याच रात्री पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली होती. तेव्हा तिच्यासाठी इथे रडलं किती, हे कागदांवरून ठरवू नये. कागद दुखवट्याचे असतात.

आमच्या घरातलं मात्र सांगतो. माझी आजी तेव्हा लहान होती. राणी मेल्याची दवंडी गावात आली तेव्हा तिच्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली म्हणे: घरातले रुपये आता चालतील काय? राणीछाप रुपया चांदीचा, वजन बरोबर एक तोळा. वाण्याच्या तागडीत माप म्हणून तोच पडायचा, बाजूबंद घडवायला तोच वितळायचा. राणी म्हणजे त्यांच्यासाठी ते वजन. मग दोन वर्षांनी एडवर्डचा रुपया आला. त्यावरच्या राजाच्या डोक्यावर मुकुटच नाही. वजन तेच, चांदी तीच, पण आजी त्याला जन्मभर 'बोडका' म्हणायची आणि वेगळ्या पुरचुंडीत ठेवायची. का, असं विचारलं तर म्हणायची, "त्याचं काय खरं नाही."

त्या अकरा वाजताच्या बातमीनंतर मंडपातून घरी गेलो आणि कपाटातला पितळी डबा काढला. मिसेस म्हणाली, उद्या विसर्जन आणि आता हे काय काढलंत? मोजून बघितले. राणीछाप सतरा निघाले. बोडके तीन.