मांडवीकाठची पणजी

२०११च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या भरली ४०,०१७. राज्याच्या राजधानीसाठी हा आकडा फारच लहान. उत्तरेला मांडवी, पूर्वेला ओरें खाडी, पश्चिमेला सांतिनेझचा ओहोळ आणि मधोमध आल्तिनोची टेकडी. पायात चांगल्या चपला असल्या, की या शहरात दुसऱ्या वाहनाची गरज नाही.

आज जिथे सरळ रस्ते आणि चौक दिसतात, तिथे पूर्वी बरीचशी दलदल होती. जुन्या गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, रोगराईने माणसं टिकेनात, तेव्हा १७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहायला आला, नदीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात. १८२६ ते १८३५ या काळात गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो याने दलदलीत भराव घालून रस्ते आखले. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. या शहराच्या पायाखाली पाणी आहे, हे लक्षात ठेवून पुढे चला.

आदिलशहाचा वाडा अजून उभा आहे. त्याच्या शेजारी हा ब्राँझचा पुतळा. हात पुढे केलेला पुरुष, समोर कोसळणारी स्त्री. हे आबे फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू. संमोहनामागे कुठलीही अदृश्य शक्ती नसते, समोरच्याच्या मनाला दिलेली सूचना काम करते, हे त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन मांडलं. पुतळा १९४५चा. तो घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी. नदीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या दिव्यांकडे बघत इथून पुढे निघून जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी दोन मिनिटं इथे थांबावं, असं मनापासून वाटतं.

टेकडीच्या पूर्व उतारावर फोंताइन्हास ही जुनी वाडी. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंती, कौलारू छपरं, अरुंद गल्ल्या. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत पोय आणि उंडे हे गोव्याचे पाव देत जातो. ही लोकांची राहती घरं आहेत. दारात बसून फोटो काढण्याआधी विचारावं, एवढंच. वाडीच्या टोकाला १८८०चं सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला. क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे इथे उघडे आहेत. ज्या दालनात माणसांची चौकशी होत असे, तिथे ही नजर रोखलेली होती. आणि इथून चार पावलांवर, मळा नावाच्या भागात, उतारावर मारुतीचं देऊळ. जत्रेच्या दिवसांत सगळा मळा दुकानांनी आणि दिव्यांनी भरून जातो.

कंपालला, नदीला लागून, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमी. तिच्या मुख्य नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. गोव्यात मराठी नाटक किती मुरलंय, ते इथे कळतं. गावोगावचे हौशी नट देवळाच्या मांडवात नाटकं करत मोठे होतात, आणि या रंगमंचावर उभं राहण्याची त्यांना ओढ असते.

आता शहराबाहेर पडूया. पाटो भागातून रायबंदरकडे जाणारा हा कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांधून काढलेला रस्ता, १६३३-३४ साली बांधला. जांभ्या दगडाच्या कमानी, लांबी सुमारे तीन किलोमीटर. दोन्ही अंगांना पाणी, तिवरं आणि मिठागरं. ही मिठागरं कमी होत चालली आहेत, आणि ते बघून वाईट वाटतं.

रायबंदरहून फेरीबोटीत चढा. पलीकडे चोडण बेट. धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, क्षेत्रफळ १.७८ चौरस किलोमीटर, सगळं कांदळवन. चिखलातून वर आलेली ही टोकं म्हणजे तिवराची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड अशी वर तोंड काढून श्वास घेतं. पानाला बोट लावून जिभेला लावा, खारट लागेल. शोषलेलं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतं. पणजीचा भराव पडण्याआधी तिथलाही काठ बराचसा असाच असणार.

आणि माणसाने याच खाऱ्या पाण्याशी न भांडता केलेली शेतीही चोडणवर आहे. तिला म्हणतात खाजन. चिखलमातीचा बांध, त्यात एक लाकडी दरवाजा, मानस. भरतीचं पाणी दाबतं तेव्हा दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. पावसाळ्यात इथे कोरगूट पिकतं, खारेपणा सोसणारं भात. नंतर त्याच शेतात मासळी. बांध फुटला की शेत गेलं, म्हणून तो राखणं हे साऱ्या गावाचं काम असे.

इथे यायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. भरतीला होडी कांदळवनाच्या आतल्या ओहोळांत शिरते. पक्षी बघायचे असतील तर ओहोटी बरी, कारण चिखल उघडा पडतो आणि बगळे, तुतवार, खंड्या खाण्यासाठी त्यावर उतरतात.