लघु, गुरू आणि जे-पॉप

[दृश्य : लाकडी बाकावर टिचकी मारणारं बोट. मागे मुलांचा एकत्र आवाज.]

पुण्याच्या सदाशिव पेठेतला जपानीचा वर्ग. रविवारची सकाळ. फळ्यावर जपानच्या राजधानीचं नाव आहे. आपण ‘टोकियो’ म्हणून मोकळे होतो. इथे मात्र त्या नावाला चार टिचक्या पडतात. तो, ओ, क्यो, ओ. एकही कमी चालत नाही.

[दृश्य : फळा. सेन्सेई हिरागानाचा तक्ता लावतात.]

वर्गात शिक्षकांना सगळे ‘सेन्सेई’ म्हणतात. सेन्सेई हिरागाना या जपानी लिपीचा तक्ता लावतात आणि पहिल्या ओळीला मुलं हसतात, कारण ती ओळखीची निघते. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांच्या अभ्यासासाठी सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानला नेली आणि त्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम लागला. आपल्याकडे ‘प’ येतो त्या जागी तक्त्यात ‘ह’ बसलाय, कारण फार जुन्या जपानीत त्या अक्षराचा उच्चार ‘प’ असा होता, असं भाषेचे अभ्यासक सांगतात.

मराठी मुलांना आणखी एक गोष्ट आयती मिळते. जपानीतला ‘त्सु’ इतर अनेकांना अवघड जातो. आपल्याला तो ‘चूल’ आणि ‘चुना’ यांच्या ‘च’मध्ये लहानपणापासून येतो.

[दृश्य : वहीचं पान अगदी जवळून. अक्षरांखाली पेन्सिलीने काढलेले ठिपके.]

ही वर्गातल्या एका मुलीची वही. डाव्या पानावर व्याकरण. उजव्या पानावर जे-पॉपचं, म्हणजे लोकप्रिय जपानी संगीतातलं गाणं, आणि प्रत्येक अक्षराखाली एक ठिपका. लांब स्वराला दोन ठिपके. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘न्’ला स्वतःचा एक. जोडाक्षराआधी आवाज क्षणभर अडतो, त्या अडण्यालाही एक.

शाळेत आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. कवितेच्या ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायच्या, मात्रा मोजायच्या, वृत्त ओळखायचं. दीर्घ अक्षर गुरू, पुढच्या जोडाक्षराचा आघात घेणारं अक्षरही गुरू. त्याच्या मात्रा दोन. जपानीचा हिशोब जवळपास हाच आहे. फरक एवढाच, की आपण तो वृत्तांपुरता ठेवला आणि जपानी माणूस रोजच्या बोलण्यात पाळतो. दूध मागतानाही, रस्ता विचारतानाही. मात्रा चुकली तर शब्द बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू, मावशी. मधला ‘बा’ लांबला की ती आजी होते.

पुस्तक हा नियम अर्ध्या पानात सांगून पुढे जातं. कानाला तो पटायला मात्र गाणंच लागतं. जपानी गाण्याचा मूळ रिवाजच एका मात्रेला एक सूर असा आहे. ज्या ‘न्’वर आपण बोलताना थांबतही नाही, त्याला तिथे अख्खा सूर मिळतो.

[दृश्य : वर्गातल्या स्पीकरसमोर दोघं विद्यार्थी. तेच वाक्य आधी बोलून, मग गाऊन.]

आता हे ऐका. एक वाक्य, दोनदा. बोलताना शेवटचं ‘देसु’ जवळजवळ ‘देस्’ ऐकू येतं. ‘सुकि’मधला ‘सु’ तर नुसता श्वास होऊन जातो. क, त, स यांसारख्या अघोष व्यंजनांच्या मध्ये सापडलेले, किंवा त्यांच्यामागून वाक्याच्या शेवटी आलेले ‘इ’ आणि ‘उ’ तोक्योच्या बोलीत असेच विरतात. नवख्याला वाटतं, हे लोक अक्षरं खातात. गाण्यात तेच अक्षर सुरावर उभं राहतं आणि पूर्ण ऐकू येतं. बोलण्यात जे लपतं, ते गाणं दाखवतं. म्हणून गाण्याला वर्गात हक्काची जागा हवी. सत्र संपल्यावर खाऊ वाटल्यासारखं शेवटच्या दिवशी एक गाणं लावायचं, हे पुरेसं नाही.

[दृश्य : संग्राहकाच्या घरातली तबकडी. सुई टेकते.]

आता थोडं मागे जाऊ. साकामोतो क्यू या गायकाचं १९६१ सालचं गाणं. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची. जून १९६३ मध्ये हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. सगळं जपानीत. ते गुणगुणणाऱ्या बहुतेक अमेरिकनांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता. साकामोतो १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले.

आमच्या वर्गात हे गाणं सगळ्यात आधी शिकवतात. चाल संथ आहे, मात्रा स्वच्छ आहेत.

[दृश्य : तबकड्यांची वेष्टनं, एकामागून एक.]

पुढे तरुणांच्या हाती गिटार आली आणि वाद पेटला. १९७० च्या सुमारास जपानी संगीतकारांत खरोखर भांडण होतं, रॉक जपानीत गाता येतं का? रॉक गायक उचिदा युया आणि त्यांच्या बाजूचे म्हणत, इंग्रजीतच गावं. हॅपी एंड नावाच्या चौघांच्या बँडने जपानीत गाऊन दाखवलं. त्यांचे ढोलवादक माचुमोतो... नव्हे, नावाचा उच्चार नीटच करू : मात्सुमोतो ताकाशी. त्यांनी पुढे गीतकार म्हणून मोठं नाव कमावलं. १९७८ मध्ये सदर्न ऑल स्टार्स आले. त्यांच्या कुवाता केइसुके यांनी एका सुरात दोन-दोन, तीन-तीन मात्रा कोंबल्या, शब्द मुद्दाम इंग्रजीसारखे वळवले. आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली पंधरा वर्षांची उतादा हिकारू १९९८ च्या डिसेंबरात आली. तिने एक शब्द मध्येच तोडून त्याचा अर्धा भाग पुढच्या ओळीत टाकला. तिचा १९९९ चा पहिला जपानी अल्बम आजही जपानच्या इतिहासातला सर्वाधिक खपलेला अल्बम आहे.

वर्गात ही गाणी याच क्रमाने वाजतात. आधी नियम कानात मुरतो, मग तो मोडणारे भेटतात. तोडलेला शब्द ओळखता आला की सेन्सेई खूश होतात, आणि त्यांची खुशी चेहऱ्यावर दिसते.

[दृश्य : संगणकाचा पडदा. आडव्या पट्ट्यांची जाळी, प्रत्येक पट्टीत एक जपानी अक्षर.]

हा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या पडद्यावर आहे व्होकॅलॉइड, म्हणजे सूर आणि अक्षरं दिली की गाणारं सॉफ्टवेअर. आवाज निर्माण करणारं तंत्रज्ञान यामाहाचं. त्यावर साप्पोरोच्या क्रिप्टन फ्युचर मीडिया कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी हात्सुने मिकू बाजारात आणली. लांब हिरव्यानिळ्या वेण्यांची काल्पनिक गायिका, जिचा आवाज फुजिता साकी या अभिनेत्रीच्या आवाजाच्या नमुन्यांपासून घडवलाय.

पडद्याकडे नीट बघा. उभ्या बाजूला सूर, आडवा काळ. प्रत्येक सुराची एक पट्टी आणि पट्टीत एक अक्षर. मुलगा ‘न्’ला पट्टी द्यायला विसरला, तर मिकू तो गाणारच नाही. तो पुन्हा पट्टी ओढतो. लांब करतो. ऐकतो. मान हलवतो. किंचित मागे घेतो. पुन्हा ऐकतो. ज्या नियमासाठी सेन्सेई बाकावर टिचक्या मारतात, तोच नियम इथे डोळ्यांना दिसतो आणि बोटाने हलवता येतो. जपानीचा इतका प्रामाणिक फळा मला दुसरा माहीत नाही.

आजची जपानी गाणी इतकी वेगवान का, याचं एक उत्तरही याच पडद्यात आहे. आजचे लोकप्रिय गायक योनेझू केन्शी आधी ‘हाचि’ या नावाने व्होकॅलॉइडची गाणी करत. कथांवरून गाणी बांधणाऱ्या योआसोबी या जोडीतले संगीतकार आयासे तिथूनच आले. ज्या गायिकेला श्वास घ्यावा लागत नाही, तिच्यासाठी लिहायची सवय लागली की चाल तशीच धावते. मग ती माणसाच्या गळ्याला गाठावी लागते. आमच्या वर्गातल्या एकाही गळ्याला ती अजून गाठता आलेली नाही, पण प्रयत्न पाहण्यासारखा आहे.

[दृश्य : विद्यार्थी वेगवान गाणं गाण्याचा प्रयत्न करतात. या भागावर निवेदन नाही.]

[दृश्य : सिंहगड रस्ता. पु. ल. देशपांडे उद्यान, तळं, लाल-पिवळे मासे.]

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. पुणे आणि जपानमधलं ओकायामा यांच्या मैत्रीची ही बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. फोटो काढायला इथे रोज गर्दी असते. त्याच ओकायामाने जगाला आणखी एक गोष्ट दिली, ती इथे आलेल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे मालवाहतुकीच्या एका जुन्या डब्यात कराओकेची स्वतंत्र खोली उघडली. ‘कराओके बॉक्स’ची सुरुवात म्हणून तिचंच नाव घेतलं जातं.

कराओकेचं यंत्र त्याआधीचं. तोक्योत नेगिशी शिगेइची यांनी १९६७ मध्ये एक यंत्र केलं. कोबेच्या बारमध्ये साथ करणारे वादक इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे दुसरं केलं आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली. नाणं टाकायचं, साथ वाजते, गायचं आपण. त्याचं पेटंट इनोउए यांनी घेतलं नाही.

[दृश्य : भिंतीवर प्रोजेक्टरचा प्रकाश. अक्षरांवरून रंग सरकतो.]

वर्गाची कराओके संध्याकाळ. चित्राकडे लक्ष द्या. मोठी अक्षरं कांजीची, म्हणजे चिनी मुळाची चित्राक्षरं. नेहमीच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीत ती २१३६ आहेत. त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार लिहिलाय, तो फुरिगाना. रंग डावीकडून सरकत येतो आणि अक्षर नेमकं कधी म्हणायचं ते सांगतो. वाचन, उच्चार, काळ, तिन्ही एकदम. हा मुलगा कांजीकडे बघतो, अडतो, नजर वर फुरिगानावर नेतो, आणि तोवर रंग पुढे गेलेला असतो. दुसऱ्या कडव्यात तेच अक्षर पुन्हा येतं. या वेळी त्याची नजर वर जात नाही.

कांजीचं एक अक्षर असं पाठ होतं. कार्डांचे गठ्ठे घेऊन घोकणाऱ्यांना हे एकदा दाखवायला हवं.

गीतकार गंमतही करतात. लिहायची कांजी ‘विश्व’ची आणि वर फुरिगाना मात्र ‘आकाश’चा. डोळ्यांना एक दिसतं, कानाला दुसरं मिळतं. परीक्षेत हे येत नाही. जपानी माणूस भाषेशी कसा खेळतो, ते इथे कळतं.

[दृश्य : सेन्सेई वर्गाशी बोलताना.]

सेन्सेई दोन गोष्टी बजावतात. गाण्यातला ‘किमी’ म्हणजे ‘तू’. तो साहेबांना किंवा सासूबाईंना म्हणायचा नाही. गाण्यांतली क्रियापदं सलगीच्या रूपात असतात. ऑफिसात ‘देसु’ आणि ‘मासु’ ही अदबीची रूपं लावूनच बोलायचं. दुसरं, शब्दातला चढउतार गाण्यावरून शिकायचा नाही. ‘आमे’ वरून खाली आला तर तोक्योत पाऊस, खालून वर गेला तर चघळायची गोड गोळी. यामादा कोसाकू यांच्यासारखे जुने संगीतकार चाल बांधताना हा चढउतार सांभाळत. आजची चाल तो सांभाळेलच असं नाही. गाण्यातून काळ शिकावा, चढउतार माणसांकडून.

[दृश्य : परीक्षा केंद्राचं फाटक. हातात पेन्सिली, प्रवेशपत्रं.]

जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा. १९८४ पासून जगभर होणारी ही परीक्षा २०१० पासून पाच पातळ्यांची आहे, सोप्या एन फाइव्हपासून अवघड एन वनपर्यंत. एकूण गुण १८०, त्यातले ६० ऐकण्याचे. ध्वनिफीत एकदाच वाजते. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही, फक्त गोल काळे करायचे. आत कॅमेरा नेता येत नाही.

फाटकाबाहेर पालक उभे आहेत. कोणी आयटीतल्या नोकरीसाठी आलंय, कोणी जपानमध्ये काम करण्यासाठी. भारत आणि जपानमध्ये कुशल कामगारांसाठी २०२१ मध्ये करार झाला, तेव्हापासून ही रांग वाढली आहे. वहीत ठिपके काढणारी मुलगी एन फोर झाली. व्होकॅलॉइडवाल्या मुलाचा निकाल यायचाय.

[दृश्य : पुन्हा वर्ग. फळ्यावर गाण्यांच्या नावांची यादी. हात वर.]

नवी तुकडी बसली आहे. सेन्सेईंनी या वेळी पहिल्याच आठवड्यात गाणं ठेवलंय, आणि कोणतं गाणं यावर वर्गात जोरात वाद चालू आहे. मागच्या बाकाला योआसोबी हवंय. पुढच्या बाकावरच्या आजी निवृत्त बँक कर्मचारी आहेत, नात ओसाकात असते म्हणून जपानी शिकतात. त्यांना १९७९ सालचं मात्सुबारा मिकीचं गाणं हवंय. ते २०२० च्या अखेरीस पुन्हा जगभर गाजलं, आणि नातीनेच त्यांना पाठवलं. मतदान होतं. आजी तीन मतांनी जिंकतात. सेन्सेई फळा पुसतात आणि पहिल्या ओळीची अक्षरं लिहायला घेतात.